चौथ्या खाचेचा दोष

कारखान्यात त्यांना नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. लेथवर चौतीस वर्षे उभ्या राहिलेल्या त्या टर्नरला लहानथोर सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. पत्र्याची चकती अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावी, डोळे किंचित मिटावेत आणि जाडी सांगावी. तपासनीस मग उपकरण लावून पाही आणि मुकाट्याने तोच आकडा वहीत उतरवून घेई. निवृत्तीला आता सात वर्षे झाली होती. बोटे घरी आली होती, आणि घरात त्यांना मोजायला काही नव्हते.

नाही म्हणायला लेकीची खोली होती. ठकू हे तिचे घरातले नाव, तिसावे वर्ष उलटले तरी न सुटलेले. जुन्या इमारतींची हजारो छायाचित्रे काढून, ती संगणकावर एकमेकांशी जुळवून, ती त्या इमारतींच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या करी. भिंतीचा पोपडा न् पोपडा आपापल्या जागी बसेपर्यंत तिला चैन पडत नसे. त्यासाठी लागणारा संगणक तिने जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडून स्वतः तयार केला होता आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्या प्रोसेसरला कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्याही पुढे रेटले होते. याला ओव्हरक्लॉक करणे म्हणतात, असे तिने सांगितले तेव्हा बाबांना ते मुळीच परके वाटले नाही. लेथचा गिअर एक पायरी वर टाकून यंत्राचा आवाज ऐकत उभे राहणे त्यांनी आयुष्यभर केले होते. दोन महिने ती रोज थोडा वेग वाढवी, यंत्र कोलमडले की एक पाऊल मागे येई, वीजदाब केसभर बदली आणि पुन्हा सुरुवात करी. अखेर आकडा ठरला, पाच पूर्णांक दोन. त्याचे एकक बाबांच्या जिभेवर नीट बसत नसे, पण आकडा त्यांना तोंडपाठ होता, आणि सकाळच्या फेरफटक्यात बाकावर बसणाऱ्या मित्रांना त्यांनी तो इतक्या वेळा ऐकवला होता की त्यांनाही तोंडपाठ झाला होता. “एवढं पळून ते पोचतं कुठं?” असे एका निवृत्त पोस्टमनने विचारले, तर बाबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आता ठकूकडे स्वतःच्या नावावर आलेले पहिले काम होते. शहरातल्या जुन्या फुलबाजाराच्या इमारतीवर लोखंडी फासळ्यांचा एक घुमट होता. तो दुरुस्त करण्यापूर्वी त्याची प्रतिकृती वास्तुरचनाकार बाईंना गुरुवारी सकाळी अकरा वाजता, त्याच इमारतीत, दाखवायची होती. ती वेळ चुकली तर काम ठकूने सोडलेल्या मोठ्या कार्यालयाकडे परत जाणार होते, आणि तिथल्या साहेबांनी तिला निरोप देताना, महिन्याभरात इथेच येशील, खुर्ची रिकामी ठेवतो, असे हसत हसत सांगून ठेवले होते. ते हसणे ठकूने घरी येऊन एकदाच सांगितले. बाबांना ते रोज ऐकू येई.

छायाचित्रे तीन हजार आठशे झाली. ती जुळवायला घेतली तसा संगणकाने हात वर केले. एवढे सगळे एकदम लक्षात ठेवायला त्याची मेमरी पुरेना. म्हणून सोमवारी सकाळी जुन्या दोन रॅमच्या पट्ट्यांशेजारी आणखी दोन घालायच्या ठरल्या. बोर्डावर चार खाचा होत्या, त्यांतल्या दोन मोकळ्या. पण प्रोसेसरच्या डोक्यावर बसून त्याला थंड ठेवणारा भला थोरला कूलर त्यांच्यावर छपरासारखा आला होता. तो काढल्याशिवाय पट्टी आत जाईना. ठकूने कूलर उतरवला, पट्ट्या बसवल्या, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, आणि एवढ्यात वास्तुरचनाकार बाईंचा फोन आला. उठता उठता तिने स्क्रूड्रायव्हर बाबांपुढे धरला.

“कूलर तेवढा बसवाल?”

सात वर्षांत त्यांच्या हातात इतक्या सहजपणे कोणी हत्यार दिले नव्हते.

कूलरला चार कोपऱ्यांत चार स्क्रू होते आणि प्रत्येकाच्या मानेवर एक बारीक स्प्रिंग. बाबांनी पहिला स्क्रू आवळला. तो थोडा फिरला आणि ठरल्या जागी थांबला. हाताला घट्टपणा लागायच्या आतच थांबला. बाबांना ते बरे वाटले नाही. दुसरा, तिसरा, चौथा, सगळ्यांची तीच गत. एवढे जड धूड आणि त्याला असले लेचेपेचे बंधन? ते सज्जात गेले आणि आपली डबी घेऊन आले. तीत पितळी वॉशर होते, नोकरीच्या शेवटच्या वर्षी उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी स्वतः कातलेले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून त्यांनी चार सारखे निवडले, एकेक करून स्क्रूखाली घातले आणि पुन्हा आवळले. या वेळी हाताला हवे ते उत्तर मिळाले.

ठकू परत आली तेव्हा त्यांनी यातले काही सांगितले नाही. लपवायचे असे मनात नव्हते. बोल्टखाली वॉशर घालणे ही सांगण्यासारखी गोष्ट असते, हेच त्यांच्या ध्यानात आले नाही.

दुपारी संगणक चाळीस मिनिटे चालला आणि निळा पडदा दाखवून कोसळला. पुन्हा सुरू केला, तर पंधरा मिनिटांत. आई दारात उभी राहून पाहत होती. आयुष्यभर टेलिफोन कार्यालयात इतरांचे बोलणे जोडून दिलेल्या त्या बाईला घरात मात्र स्वतःचे बोलणे आवरण्याची गरज वाटत नसे.

“दुप्पट वाढलंत त्याच्या पानात,” ती म्हणाली. “अपचन झालं असेल.”

ठकू हसली, पण हात थांबले नाहीत. तिने कपाटाच्या दारावर एक मोठा कागद चिकटवला आणि वरच्या ओळीत लिहिले: सोमवार सकाळ, दोन नव्या पट्ट्या, कूलर काढून पुन्हा बसवला. ही पद्धत बाबांचीच. यंत्र बिघडले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली ती लिहायची. लिहिले नाही तर ती केलीच नाही असे समजायचे. लहानपणी शिवणयंत्राचा टाका तुटू लागला तेव्हा त्यांनी तिच्याकडून असा पहिला कागद भरून घेतला होता.

पहिला संशय तिने स्वतःवरच घेतला. जास्त मेमरी सांभाळायची तर प्रोसेसरवरचा भार वाढतो, आणि तो तर आधीच ऊर फुटेस्तोवर धावत होता. संध्याकाळी तिने वेग कंपनीच्या मूळ आकड्यावर आणून ठेवला. दोन महिन्यांची कमाई तिने चार कळा दाबून उतरवली. बाबा शेजारच्या स्टुलावर बसून तो आकडा पडद्यावर घसरताना पाहत होते. त्यांना वाटले, ही काहीतरी बोलेल. तिने कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या कामाला लागली. त्या क्षणी त्यांना तिचा जो अभिमान वाटला तो पाच पूर्णांक दोनच्या वेळी वाटला नव्हता. पण हा बाकावर कोणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

संगणक मूळ वेगावरही कोसळला. अंमळ उशिराने, एवढेच.

मंगळवार पट्ट्या तपासण्यात गेला. मेमरीची चाचणी घेणारा एक प्रोग्राम असतो. तो प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि चुकले की लाल ओळ दाखवतो. ठकूने चारही पट्ट्या एकेकट्या, त्याच एका खाचेत घालून तपासल्या. कूलर आडवा येऊ नये म्हणून ही पहिली खाच होती, प्रोसेसरपासून सर्वांत लांबची. चारही निर्दोष. मग दुसरी खाच. तीही निर्दोष. आतल्या दोन खाचांसाठी कूलरचा पंखा तेवढा सोडवून, तिरके बोट घालून पट्टी कशीबशी सरकवता येते, असे तिने शोधून काढले. तिसरी खाच उत्तीर्ण झाली. चौथ्या खाचेत मात्र जुनी घाला, नवी घाला, पडदा लाल होई. दोष पट्टीबरोबर फिरत नव्हता. तो एका जागी बसून होता.

तिने दुकानदाराला फोन लावला आणि ध्वनिवर्धक सुरू ठेवला. दुकानदार अनुभवी माणूस होता. त्याने सगळे ऐकून घेतले, बोर्ड गेला असावा म्हणाला, नवा सोमवारपूर्वी येणार नाही असेही म्हणाला, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले की कूलर फार आवळला नाही ना, कधी कधी त्याच्या दाबानेही खाचा रुसतात.

“कूलर माझ्या वडिलांनी बसवलाय,” ठकू म्हणाली. “त्याची काळजी नको.”

बाबा खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. तिच्या आवाजात शंकेची पुसटशी रेघही नव्हती. त्यांच्या हातांविषयी इतक्या ठामपणे बोललेले शब्द त्यांनी निवृत्तीच्या समारंभातही ऐकले नव्हते, आणि नेमक्या त्याच शब्दांनी आता वॉशरचे सांगणे अवघड करून ठेवले. वॉशरचे काय एवढे, असे त्यांनी स्वतःला समजावले. चारही सारखे होते. सारखा दाब म्हणजे काही वेडावाकडा दाब नव्हे. आपण चौतीस वर्षे हेच करत आलो. वर्तमानपत्राचे पान त्यांनी उलटले नाही, हे फक्त आईने पाहिले.

“पेपर उलटा धरला असतात तरी चाललं असतं,” ती जाता जाता पुटपुटली.

बुधवारी दुपारपर्यंत कागद खालपर्यंत भरला होता. सगळी छायाचित्रे जुळवायला साधारण चौदा तास लागणार होते, आणि मग प्रतिकृती तपासून फुलबाजारात पोचायला आणखी तीन; म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत काम सुरू झाले नाही तर गुरुवारचे अकरा हातचे गेले. ठकू कागदासमोर उभी होती. बाबा तिच्या पाठीशी. तिने वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीवरून बोट फिरवले, शेवटच्या ओळीशी आली, आणि मान न वळवता म्हणाली, “बाबा, मीच ताणलं त्याला. दोन महिने. त्यानेच खाच जळाली असणार.”

मग तिने फोन उचलला. बाईंना खरे काय ते सांगून टाकते, म्हणाली. हौसेपायी यंत्र बिघडवून बसले, वेळेत देऊ शकत नाही.

बाबा कागदाकडे पाहत होते. पहिली ओळ: दोन नव्या पट्ट्या, कूलर काढून पुन्हा बसवला. त्या ओळीखाली पूर्ण दोन दिवसांची मेहनत सरळ रांगेत उभी होती, आणि तिने काढलेला निष्कर्ष त्या कागदानुसार अगदी बरोबर होता. कागदच खोटा होता. तिला जे शिकवले ते तिने अक्षरशः पाळले होते. शिकवणाऱ्याने पाळले नव्हते. आणि आता ती स्वतःच्या सर्वांत सुंदर कामाला दोष देत होती.

“ठकू, फोन ठेव,” ते म्हणाले. “एक ओळ राहिली आहे.”

“कुठली?”

“माझी.”

त्यांनी सांगितले. सज्जातली डबी, पितळी वॉशर, हाताला न लागलेला घट्टपणा. सांगताना ते तिच्याकडे पाहत नव्हते, स्क्रूकडे पाहत होते. कालच संशय आला होता आणि तरी गप्प राहिलो, हेही त्यांनी सांगितले; ते सांगणे वॉशरपेक्षा जड गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिच्याकडे या प्रसंगी शोभतील अशी निदान दहा वाक्ये तयार असणार, पण तिने एकही काढले नाही.

ठकूने फोन टेबलावर उपडा ठेवला. ती रागावली असती तर बाबांना सोपे गेले असते. तिने विचारले, “चारही स्क्रूंखाली?”

“चारही.”

“सारखे?”

“सारखे.”

“मोजले?”

हा प्रश्न मायक्रोमीटर म्हणवणाऱ्या माणसाला विचारला गेला होता. “नाही,” ते म्हणाले. “बोटांनी पाहिले.”

तिने कूलर उतरवला, वॉशर काढून एकाशेजारी एक मांडले आणि खणातला जाडी मोजायचा व्हर्नियर आणला. आठ दशांश मिलीमीटर. आठ. आठ. चौथा अकरा दशांश. तिने तो आकडा उच्चारला नाही. व्हर्नियर तसाच धरून त्यांच्यापुढे केला. बाबांनी तो वॉशर उचलून अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला, डोळे किंचित मिटले. मग दुसरा धरला. दोन्ही सारखेच लागले. तीन दशांशांची फट, जिथून पूर्वी त्यांच्या लेखी बैलगाडी गेली असती, ती त्यांच्या बोटांतून कधी निघून गेली ते त्यांना कळलेही नव्हते. त्यांनी दोन्ही वॉशर हलकेच खाली ठेवले.

“या कोपऱ्यात जास्त दाब,” ठकू सांगू लागली, जणू ते एखाद्या तिसऱ्याच माणसाचे काम होते. “म्हणजे समोरचा कोपरा उचलला गेला. प्रोसेसरच्या खाली शेकडो बारीक टोकं असतात. त्या कोपऱ्यातली नीट टेकत नसणार, आणि चौथ्या खाचेच्या तारा तिथूनच जातात. माझ्या वेगाचा संबंध नाही.” तिने भिंग लावून ती टोके पाहिली, एकेक रांग, ओठ आवळून. एकही वाकलेले नव्हते. तिने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर जागेवर टेकवला आणि स्क्रूड्रायव्हर पुन्हा बाबांपुढे धरला.

त्यांनी हात मागे घेतला. “तूच कर.”

“कूलर धरायला मला दोन हात लागतात. स्क्रू तुम्ही फिरवा. मी थांबा म्हटलं की थांबायचं.”

त्यांनी स्क्रू फिरवले, समोरासमोरचे, थोडे थोडे, जसे कुठलेही झाकण बसवताना फिरवतात. पहिला स्क्रू ठरल्या जागी येऊन थांबला. मनगटाला अजून वळायचे होते. चौतीस वर्षांची सवय त्यात गोळा झाली होती.

“थांबा,” ठकू म्हणाली.

ते थांबले. चारही वेळा थांबले. बोल्ट सैल सोडल्याची ती भावना त्यांना मुळीच सोसत नव्हती, आणि तरीही आपल्याहून लहान, आपल्याहून जाणत्या आवाजाच्या हुकमात उभे राहण्यात एक विलक्षण हलकेपणाही होता, जो त्यांनी आयुष्यात कधी चाखला नव्हता.

चाचणी सुरू झाली. ठकू खिडकीपाशी जाऊन खाली एका टायरवाल्याच्या अंगणात पाहत राहिली. आईने तिघांसाठी चहा आणला आणि कोणाला काही न विचारता स्वतःही तिथेच बसली. पडद्यावर चौथ्या खाचेवरून हिरवी रेघ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. लाल काही आले नाही. साडेपाच वाजले होते.

“आता वेग परत चढव,” बाबांनी सुचवले. त्यांच्याने राहवले नाही. “पाच पूर्णांक दोन. लवकर होईल.”

“एका वेळी एकच बदल, बाबा,” ती म्हणाली, आणि कंपनीच्या साध्या वेगावर छायाचित्रे जुळवायला लावून दिली. मग तिने त्यांच्या हातात पेन दिले. बाबांनी कागदाच्या अगदी वरती, पहिल्या ओळीच्या शेजारी उरलेल्या चिंचोळ्या जागेत, सुवाच्य अक्षरांत लिहिले: चार पितळी वॉशर, न मोजता. आणि खाली सही केली, कारण कारखान्यात चुकीच्या नोंदीखाली सही लागत असे.

“फ्रेम करून लावू का?” आईने विचारले. दुपारपासून दाबून ठेवलेले पहिले वाक्य ते.

गुरुवारी सकाळी आठला घुमट पडद्यावर पूर्ण उभा होता, गंजाच्या डागांसकट.

अकरा वाजता फुलबाजाराच्या रिकाम्या दालनात वास्तुरचनाकार बाई आल्या. त्या मोजक्या बोलणाऱ्या होत्या. सोबत एक अभियंता होता, ज्याच्या चेहऱ्यावरून त्याला हा सगळा खटाटोप पोरखेळ वाटत असावा असे दिसत होते. बाबा दूर एका खांबाशी उभे राहिले. ठकूने घुमट सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर फिरवला, उलटा केला, एका फासळीपाशी नेला. ही किती खचली आहे, असे अभियंत्याने विचारले, आणि तिने अडतीस मिलीमीटर असे सांगितले, दोन इकडे किंवा तिकडे. त्याने स्वतःच्या टिपणवहीत पाहिले, वही मिटली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यानंतर अर्धा तास अभियंताच एकामागून एक प्रश्न विचारत राहिला आणि बाई ऐकत राहिल्या. अखेर त्यांनी, परांचीचे आराखडे यावरूनच करू, असे म्हणून पुढच्या दोन इमारतींचा विषयही काढला.

काम झाले होते. लॅपटॉप मिटायला हरकत नव्हती. ठकूने मिटला नाही.

“उत्तरेकडच्या चार फासळ्यांचे आकडे मात्र धरू नका,” ती म्हणाली. “तिथे उजेड कमी होता, माझी छायाचित्रं अपुरी पडलीत. चित्र चांगलं दिसतंय, पण ते मी मोजलेलं नाही.”

अभियंत्याच्या भुवया वर गेल्या. त्याच्या ध्यानात हे कधीच आले नसते, हे दालनातल्या सगळ्यांना कळले. बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि कधी मोजता येईल एवढेच विचारले. आत्ता, असे तिने सांगितले. पहारेकऱ्याकडे शिडी आहे.

ती टेप कमरेला अडकवून वर चढली. बाबा खांबापासून पुढे आले, कोणी न सांगता एका हाताने शिडी धरली आणि तिची वही शिडीच्या पायरीवर उघडून ठेवली. वरच्या अंधूक उजेडात पहिली फासळी त्यांना स्पष्ट दिसत होती, आणि त्यांच्या नजरेने, जुन्या खोडीप्रमाणे, तिचा आकडा काढलाही होता: एक्केचाळीस. तो त्यांनी ओठांवर येऊ दिला नाही.

“छत्तीस,” वरून आवाज आला.

“छत्तीस,” त्यांनी खालून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगितले, आणि लिहून घेतले.